कुपोषण : साडेअकरा सेंटिमीटरची सीमारेषा

घानाच्या किनारपट्टीवर बोलल्या जाणाऱ्या गा भाषेत ‘क्वाशिओरकॉर’ असा एक शब्द आहे. पाठचे भावंड जन्मल्यावर आईच्या मांडीवरून दूर झालेल्या मुलाला जडणारा आजार, असा त्याचा अर्थ. अंगावरचे दूध तुटते, मक्याच्या पिठाचे पदार्थ तेवढे पोटात जातात आणि काही महिन्यांत मूल सुजू लागते. पायावर बोट दाबले तर खळगा तसाच राहतो. केस विरळ व तांबूस होतात, कातडीचे पापुद्रे निघतात, मूल किरकिरे होते आणि मग निपचित पडते. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स १९२९ पासून तेव्हाच्या ब्रिटिश गोल्ड कोस्ट वसाहतीत काम करीत होत्या. त्यांनी या रोगाचे वर्णन १९३३ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात त्याला तेथील बायकांच्या तोंडचेच नाव दिले. हा काही निराळा रोग नव्हे, मक्यावर जगणाऱ्यांना होणारा पेलाग्राच तो, असे सांगून तेव्हाच्या काही जाणत्यांनी त्यांचे म्हणणे उडवून लावले. गा भाषेतील आयांनी मात्र रोगाचे कारण त्याच्या नावातच सांगून ठेवले होते.

मराठीत या विकाराला सुजवटी म्हणतात. त्याचे दुसरे रूप म्हणजे सुकटी. सुकटीत सूज नसते. चरबी व स्नायू झिजून मूल हाडांवर कातडी पांघरल्यासारखे दिसते, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा होतो, कुल्ल्यांवरची कातडी सैल पिशवीसारखी लोंबते. एकाच देशात, एकाच गावात, क्वचित एकाच घरात ही दोन्ही रूपे आढळतात. असे का, या प्रश्नाने पोषणशास्त्राला गेली नव्वद वर्षे झुलवत ठेवले आहे.

प्रथिनांचा फसलेला अध्याय

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नाचे एक सोपे उत्तर सर्वमान्य झाले. सुकटी म्हणजे एकूण अन्नाची तूट आणि सुजवटी म्हणजे प्रथिनांची तूट. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या वतीने ब्रॉक व ओत्रे या दोघांनी आफ्रिकेचा दौरा केला आणि १९५२ मध्ये अहवाल दिला. तेव्हापासून ‘प्रथिनांची दरी’ हा परवलीचा शब्द झाला. माशांच्या भुकटीपासून शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत प्रथिनयुक्त खाद्ये तयार करण्याचे प्रयोग जगभर झाले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाबद्दल स्वतंत्र अहवालच काढला.

त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांनी या मांडणीला हादरा दिला. सुकटी झालेली मुले आणि सुजवटी झालेली मुले यांच्या आहारात त्यांना प्रथिनांच्या बाबतीत काहीच फरक आढळला नाही. दोन्ही गटांच्या पोटात एकूण अन्नच अपुरे जात होते. अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे दीर्घकाळ संचालक राहिलेले सातारा जिल्ह्यातील बुधचे सुपुत्र डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीही आकडेवारीच्या आधारे हेच सांगितले. भारतातील गरिबांच्या नेहमीच्या आहारात प्रथिने बहुतांशी पुरेशी असतात, तो आहार पोटभर मिळत नाही ही खरी अडचण, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या कालखंडाची संभावना ‘प्रथिनांचा महाफज्जा’ अशा अर्थाच्या मथळ्याने केली.

सुखात्म्यांचे पुढचे प्रतिपादन मात्र वादग्रस्त ठरले. माणसाचे शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेते, त्यामुळे कुपोषितांची संख्या फुगवून सांगितली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुण्यातच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९८१ मध्ये त्यांच्याशी वाद घातला. लहान चणीचे मूल ‘लहान पण निरोगी’ मानायचे की खुरटलेले, हा त्या काळात रंगलेला वाद आजही पुरता मिटलेला नाही. सरकारी आकडेवारी जाहीर झाली की तो निराळ्या शब्दांत पुन्हा डोके वर काढतो.

सुजवटीचे कोडेही सुटलेले नाही. मलावी, काँगो अशा मध्य व दक्षिण आफ्रिकेतील देशांत तिचे प्रमाण मोठे आहे, तर दक्षिण आशियात सुकटीच बहुसंख्य. मलावीत जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्यांचा तीन वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा करण्यात आला. एकाच घरात, एकाच ताटातले खाणाऱ्या जुळ्यांपैकी एक सुजते आणि दुसरे ठणठणीत राहते, असे अनेक जोड्यांत दिसून आले. आतड्यातील जिवाणूंच्या समूहाचा यात वाटा असावा, असे या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. वाटा किती, हे अद्याप ठरायचे आहे.

कोण तीव्र कुपोषित?

मूल कुपोषित आहे हे पाहता क्षणी कळते, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. ज्या वस्तीत सगळीच मुले बारीक, तेथे बारीक मूल कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हणून मापे आली. मेक्सिको सिटीतील बालरुग्णालयाचे डॉ. फेडेरिको गोमेझ यांनी १९५६ मध्ये वयाच्या मानाने वजन पाहून कुपोषणाच्या श्रेणी ठरवल्या. आपल्याकडे वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत छापून येणाऱ्या ‘श्रेणी तीन व चार’ या त्याच घराण्यातल्या. पुढे जमैकात संशोधन करणारे जॉन वॉटरलो यांनी एक महत्त्वाचा भेद केला. वयाच्या मानाने उंची कमी असणे हा दीर्घकाळच्या हलाखीचा ठसा, तर उंचीच्या मानाने वजन कमी असणे ही अलीकडची झीज होय. पहिल्याला खुजेपणा म्हणावे, दुसऱ्याला कृशता. खुजे मूल आयुष्यभर नुकसान सोसते. अतिकृश मूल काही आठवड्यांत दगावू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालकांच्या वाढीचे नवे मापदंड जाहीर केले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुस्थित घरच्या, आईचे दूध मिळालेल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेण्यात आली होती. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. पोषण व आरोग्य नीट असेल तर पाच वर्षांपर्यंत ओस्लोचे मूल आणि दिल्लीचे मूल जवळजवळ सारखेच वाढते, असे या अभ्यासातून पुढे आले. आपली मुले वंशानेच लहान चणीची, हा बचाव त्यामुळे लंगडा पडला.

आजच्या व्याख्येनुसार उंचीच्या मानाने वजन प्रमाणित मध्यापासून तीन एककांहून खाली असेल, दोन्ही पायांवर सूज असेल, किंवा सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते मूल तीव्र कुपोषित होय. यांतील एकच खूण पुरेशी असते. अंगणवाडीच्या भाषेत हेच ‘सॅम’ बालक. दंडाची मर्यादा पूर्वी अकरा सेंटिमीटर होती, ती २००९ मध्ये वाढवण्यात आली. मोजायची पट्टी साधी असते. लाल, पिवळा आणि हिरवा असे तिच्यावर तीन रंग असतात. साडेअकरा सेंटिमीटरचा दंड मोठ्या माणसाच्या अंगठा व तर्जनीच्या वेढ्यात सहज मावतो.

या मापांचेही आपापसांत पटत नाही. दंडाची पट्टी आणि वजन-उंचीचा तक्ता नेहमी एकाच मुलाकडे बोट दाखवत नाहीत. सोमालिया व इथिओपियातील पशुपालक जमातींत मुलांचे पाय लांब असतात. तेथे वजन-उंचीच्या तक्त्यानुसार कुपोषितांची संख्या अधिक भरते, पट्टीनुसार कमी. मदतीचे धान्य आणि औषधे या आकड्यांवरून वाटली जातात, त्यामुळे हा केवळ शास्त्रज्ञांचा काथ्याकूट राहत नाही.

जेवू घालणेही घातक ठरते तेव्हा

उपाशी मुलाला पोटभर जेवू घालावे, हा माणुसकीचा पहिला उद्‌गार. तीव्र कुपोषणात तोच घात करू शकतो. अशा मुलाच्या शरीराने जगण्यासाठी सारे व्यवहार आखडते घेतलेले असतात. हृदय, यकृत, मूत्रपिंडे मंद चालतात, अंगातील उष्णता टिकत नाही, रक्तातील साखर अचानक घसरते, जंतुसंसर्ग झाला तरी ताप येत नाही. अशात भरपूर अन्न किंवा शिरेतून भराभर सलाइन दिले तर हृदयावरचा ताण असह्य होतो. रक्त कमी आहे म्हणून आरंभीच लोहाचे औषध दिले तर संसर्ग बळावण्याची भीती असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांत दाखल झालेल्या अशा मुलांपैकी शेकडा वीस ते तीस मुले दगावत, आणि पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत हे प्रमाण फारसे हलले नाही. औषधे सुधारली, उपचाराची रीत सुधारली नव्हती.

१९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपचाराची पुस्तिका काढली. पहिले काही दिवस शंभर मिलिलिटरमागे ७५ किलोकॅलरी देणारे, अगदी कमी प्रथिनांचे दूध थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. मुलाला ऊब, लक्षणे नसली तरी प्रतिजैविके, आणि भूक परतल्यावरच १०० किलोकॅलरीचे दूध. लोह त्यानंतर. वाचायला सोपे वाटते. एक परिचारिका आणि चाळीस खाटा असलेल्या वॉर्डात रात्री दोन वाजता दूध पाजायचे कोणी, हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण आयांची होती. उपचार केंद्रात महिनाभर राहायचे तर घरची बाकीची मुले, शेत, गुरे कोणाच्या भरवशावर टाकायची? मग मूल बरे व्हायच्या आधीच आई निघून जाई, किंवा येतच नसे. गर्दीच्या केंद्रांत गोवर व जुलाब पसरत ते वेगळेच.

शेंगदाण्याच्या लगद्याची क्रांती

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील न्यूट्रिसेट ही कंपनी उपचाराच्या दुधाची भुकटी बनवत असे. भुकटीत पाणी मिसळले की ती काही तासांत नासते, आणि दुष्काळी भागात पाणी तर बहुधा दूषितच. १९९६ च्या सुमारास पोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां आणि कंपनीचे संस्थापक मिशेल लेस्कान यांनी भुकटीतील काही दूध काढून त्याऐवजी शेंगदाण्याचा लगदा घातला. दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे असलेल्या या घट्ट मिश्रणात पाणी नसल्याने जंतू वाढत नाहीत. ‘प्लम्पीनट’ या नावाच्या ९२ ग्रॅमच्या पाकिटातून ५०० किलोकॅलरी मिळतात. शिजवायला नको, भांडे नको, मूल पाकीट चोखत बसते.

पदार्थ तयार झाला तरी मुलांना घरी ठेवून उपचार करण्याचे धाडस व्हायला आणखी काही वर्षे गेली. इथिओपियात २००० पासून स्टीव्ह कॉलिन्स यांनी आणि मलावीतील ब्लँटायर येथे मार्क मॅनरी यांनी ते केले. भूक शाबूत असलेल्या, अन्य गुंतागुंत नसलेल्या मुलांना त्यांनी दर आठवड्या-दोन आठवड्यांची पाकिटे देऊन घरी पाठवले. मलावीतील २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत घरी उपचार घेतलेल्या मुलांपैकी ७९ टक्के बरी झाली, तर रुग्णालयात सुरू होणाऱ्या जुन्या पद्धतीत ४६ टक्के.

त्याच वर्षी नायजरमध्ये या पद्धतीची मोठ्या प्रमाणावर कसोटी लागली. २००४ चा अपुरा पाऊस व टोळधाड यांनंतर धान्याचे भाव चढले. मुलांची सर्वांत वाईट अवस्था होती ती मारादी भागात, आणि मारादी हा तर नायजरचा धान्यपिकाचा पट्टा. बाजारात बाजरी होती, ती घेण्याची ऐपत नव्हती. ‘सीमेविण डॉक्टर’ या संस्थेने त्या एका वर्षात देशात साठ हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले. त्यांतील बहुसंख्य मुले रात्री आपल्या घरी झोपत होती. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी समाजातच उपचार करण्याच्या या पद्धतीला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये हा लगदा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दाखल झाला.

क्रांती म्हटली तरी तिला दोरी परक्याच्या हातात असल्याचा दोष आहे. पाकिटांचा मोठा खरेदीदार अमेरिकी सरकार होते. २०२५ च्या आरंभी त्या सरकारने परदेशी मदत गोठवली तेव्हा तेथील कारखान्यांना काम थांबवण्याचे आदेश गेले. नंतर काही मागे घेण्यात आले, पण मधले आठवडे वाया गेले.

दुष्काळ आणि रोजची भूक

वृत्तपत्रांचे लक्ष वेधतो तो दुष्काळ. सोमालियात २०११ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. त्या संकटात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील १ लाख ३३ हजार पाच वर्षांखालील मुले होती, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुदानमधील झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये आणि गाझा शहराच्या परिसरात ऑगस्ट २०२५ मध्ये दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केले. या साऱ्या ठिकाणी युद्ध व नाकेबंदी यांनी अवर्षणाहून मोठे काम केले.

मात्र संख्येने पाहू गेल्यास तीव्र कुपोषित मुले मुख्यतः युद्धभूमीवर नाहीत. २०२४ मध्ये जगात पाच वर्षांखालील ४ कोटी २८ लाख मुले कृश होती, त्यांतील १ कोटी २२ लाख अतिकृश. कृश मुलांपैकी निम्म्याहून अधिक दक्षिण आशियातील आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत भारतातील १९.३ टक्के मुले कृश आणि ७.७ टक्के अतिकृश आढळली. महाराष्ट्रात अतिकृशतेचे प्रमाण १०.९ टक्के भरले, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक. राज्याच्या दरडोई उत्पन्नाशी हा आकडा जुळवून पाहणे बऱ्याच जणांना जड जाते.

आफ्रिकेहून गरिबी कमी असताना आशियात कुपोषण अधिक का, असा प्रश्न डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच मांडला होता. त्यांनी बोट ठेवले ते बाईच्या स्थितीवर. स्वतः कमी वजनाची, पंडुरोगी, घरात सर्वांत शेवटी जेवणारी मुलगी आई होते आणि अडीच किलोहून कमी वजनाचे मूल जन्माला येते. भारतात कृशतेचे प्रमाण पहिल्या काही महिन्यांतच मोठे असते, यावरून त्या म्हणण्याला बळ मिळते.

मेळघाट आणि नोंदवही

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके १९९३ मध्ये कोरकू बालकांच्या मृत्यूंमुळे देशभर गाजले. त्याआधी १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे मृत्यू गाजले होते. प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयात गेली, मंत्र्यांचे दौरे झाले. तेव्हापासून पावसाळा आला की एक ठरावीक वाक्य ऐकू येते : मृत्यू कुपोषणाने नव्हे, न्यूमोनियाने झाला. वैद्यकीय दाखल्यापुरते ते खरेही असते. पण न्यूमोनिया धडधाकट मुलालाही होतो आणि ते बहुधा वाचते. जगात पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांच्या मागे अल्पपोषण असते, पण दाखल्यावर त्यासाठी रकाना नसतो. मुलाच्या पोटावर तापल्या विळ्याने डागण्या देणारा भूमका बातमीत हमखास येतो. आरोग्य केंद्र किती मैलांवर आहे आणि पुरात रस्ता किती दिवस बंद असतो, हे तितक्या ठळकपणे येत नाही.

डॉ. अभय बंग आणि सहकारी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ या २००१ मधील अहवालात राज्यातील बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले. नंतर शासनाने त्यांच्याच अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमली. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. गावातच अंगणवाडीत दिवसातून अनेकदा खाऊ घालणारी ग्राम बाल विकास केंद्रे आणि गंभीर बालकांसाठी रुग्णालयातील केंद्रे अशी उतरंड रचण्यात आली.

पाकिटांशी मात्र आपले सूत जुळले नाही. २००९ मध्ये युनिसेफने बिहार व मध्य प्रदेशात आणलेला लगदा केंद्र सरकारने परवानगी न घेतल्याच्या कारणावरून थांबवला. २०१७ मध्ये महाराष्ट्राने अशा खाद्याच्या खरेदीची तयारी केली, तेव्हाही केंद्राने राज्यांना त्यापासून दूर राहण्यास कळवले. डाळ, अंडी, शेंगदाणे पिकणाऱ्या देशात कंपनीचे पाकीट कशाला, हा विरोधकांचा सवाल गैर नाही. एकदा बाजार उघडला की ठेकेदार आधी पोहोचतात, हा अनुभवही आहेच. पण वरणभाताने अतिकृश मुलाची झीज सहा आठवड्यांत भरून निघेल, असे मानणेही भाबडेपणाचे आहे. त्याच्या पोटात मावते थोडे आणि त्याला लागते फार. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २०१०च्या दशकात हाच लगदा स्थानिक पातळीवर तयार करून धारावी परिसरातील मुलांना देण्यात आला. वादाच्या मधला मार्ग म्हणून तो अधिक चर्चेला यायला हवा होता.

लगदा असो की लापशी, ती मिळते नोंदवहीत नाव असलेल्या मुलाला. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मेळघाटातील कोरकू मजूर कामासाठी बाहेर पडतात ते होळीला परततात. या महिन्यांत मूल गावच्या अंगणवाडीत नसते आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या यादीतही नसते. कागदावर तेवढ्या काळात गावचे कुपोषण घटलेले दिसते. मूल परत येते तेव्हा पट्टी लाल रंगावर थांबते.

मूल कोणी शोधायचे, या प्रश्नाला नायजरच्या झिंदेर भागात एक निराळे उत्तर मिळाले. तेथे २०१३-१४ मध्ये आयांनाच दंडाची पट्टी देऊन ती वापरायला शिकवण्यात आले. आरोग्यसेविकांनी तपासलेल्या भागाशी त्याची तुलना झाली. आयांची मोजणी सेविकांइतकीच भरवशाची निघाली आणि खर्च कमी आला. आईने आणलेल्या मुलाच्या दंडाचा घेर तुलनेने अधिक असे, म्हणजे ते लवकर हाती लागे, आणि त्यांतील कमी मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. यातील बहुतेक आयांना अक्षरओळख नव्हती. पट्टीवर वाचायचे असते ते फक्त रंग.